रीडमी आणि इन्स्टॉलेशनच्या सूचना: कोऱ्या मशीनवर चालतील अशा कशा लिहायच्या

‘रीडमीत सांगितलंय तसंच केलं, तरी चालत नाही.’ मुक्त स्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे हा इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, कधी ना कधी येतो. पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘माझ्याकडे चालतंय.’ दोघंही खरं बोलत असतात. रीडमी, म्हणजे प्रकल्पासोबतची पहिली माहितीची फाईल, लिहिणाऱ्याच्या मशीनवर कित्येक वर्षांत साठलेली पॅकेजेस आणि सेटिंग्ज असतात. वाचणाऱ्याच्या हातात रीडमीत उतरलेलं तेवढंच असतं.

हे अंतर कसं भरून काढायचं ते एका उदाहरणाने पाहू. समजा, तुम्ही स्कॅन केलेल्या मराठी पानांतून मजकूर काढणारं छोटंसं पायथॉन साधन लिहिलं आहे. अक्षरं ओळखण्याचं काम टेसरॅक्ट करतं. पायथॉनमधून त्याला हाक मारायला पायटेसरॅक्ट आहे आणि पीडीएफची पानं चित्रांत बदलायला पीडीएफ-टू-इमेज. उदाहरण मुद्दाम असं घेतलं आहे, कारण इन्स्टॉलेशनच्या सूचनांमध्ये होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका यात होऊ शकतात. कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टर्मिनलमध्ये आणि तुमच्या रीडमीत त्या रोमन लिपीतच लिहायच्या.

## १. तयारी: आधी कोरं मशीन, मग लेखन

सूचना आठवणीतून लिहू नका. हा एक नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी थांबतील. आठवणीतून लिहिताना सवयीच्या गोष्टी गळतात आणि नवख्या माणसाची गाडी नेमकी तिथेच अडते.

लिनक्ससाठी सर्वांत सोपा मार्ग डॉकरचा; ते तुमच्या मशीनमध्येच एक वेगळं, बंदिस्त लिनक्स, म्हणजे कंटेनर, चालवतं. ‘डेबियन १२’ या लिनक्सची इमेज, म्हणजे तयार साचा, घ्या आणि तिच्यात टर्मिनल उघडा. त्यात कोडचे बदल सांभाळणारं गिट नसतं, पायथॉन नसतं, फाईल्स उतरवणारं कर्ल नसतं, प्रशासकाचे अधिकार देणारं सुडोही नसतं. पॅकेजांची यादीसुद्धा रिकामी असते, त्यामुळे ‘ॲप्ट अपडेट’ केल्याशिवाय एकही पॅकेज सापडत नाही. हा उघडावाघडा कंटेनर तुमचा सर्वांत कडक परीक्षक आहे. विंडोजच्या प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांमध्ये ‘विंडोज सँडबॉक्स’ मिळतो. तो बंद केला की आतलं सगळं पुसलं जातं आणि पुढच्या वेळी पुन्हा कोरी पाटी. होम आवृत्ती असेल तर व्हर्च्युअल मशीन बनवून सुरुवातीलाच स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेऊन ठेवा.

आता साधन इन्स्टॉल करा आणि दिलेली प्रत्येक कमांड नोंदवा. लिनक्सवर ‘स्क्रिप्ट’ नावाची कमांड आधी सुरू केली तर टर्मिनलमधलं सगळं संभाषण एका फाईलमध्ये जमा होतं. फसलेल्या कमांड्सही त्यात राहू द्या. पुढे अडचणींचा भाग लिहिताना त्यांचाच उपयोग होतो.

सावधान: कंटेनरमध्ये तुम्ही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, असता, म्हणून परवानगीच्या अडचणी दिसतच नाहीत. एक साधा युजर तयार करून सगळा क्रम त्याच्या नावाने पुन्हा एकदा चालवा.

## २. कोणती गोष्ट कोणत्या फाईलमध्ये

रीडमी म्हणजे घराचं दार. घरातलं सगळं सामान दारात रचून ठेवलं तर आत यायला वाट उरत नाही.

रीडमीत हे साधन काय करतं, सर्वांत सोप्या मार्गाने कसं बसवायचं, एकदा चालवून कसं पाहायचं आणि पुढचं कुठे मिळेल, एवढंच असावं. इन्स्टॉलेशनला एकच मार्ग असेल आणि तो आठ-दहा ओळींत मावत असेल, तर वेगळी फाईल करू नका. दोनपेक्षा जास्त ऑपरेटिंग सिस्टिम असतील किंवा सोर्सपासून बिल्ड, म्हणजे मूळ कोडपासून तयार, करावं लागत असेल, तर ‘इन्स्टॉल’ ही फाईल वेगळी काढा आणि रीडमीतून तिची लिंक द्या. कोडमध्ये हातभार लावणाऱ्यांची तयारी, म्हणजे टेस्ट्स चालवणं, कोडची मांडणी तपासणारी साधनं वगैरे, ‘काँट्रिब्युटिंग’मध्ये. बदलांची यादी ‘चेंजलॉग’मध्ये, परवाना ‘लायसन्स’मध्ये.

साधन नुसतं वापरणारा आणि कोड बदलणारा यांच्या पायऱ्या एकाच यादीत मिसळल्या की वापरणारा गरज नसताना पन्नास पॅकेजं उतरवत बसतो. हे मी इतक्या प्रकल्पांत पाहिलं आहे की रीडमी उघडल्यावर आता सर्वांत आधी हेच तपासतो.

सी भाषेतल्या, ऑटोमेक हे बिल्डची तयारी करणारं साधन वापरणाऱ्या प्रकल्पांत आणखी एक खड्डा आहे. ऑटोमेक नेहमीच्या कडक नियमांनुसार ‘इन्स्टॉल’, ‘न्यूज’, ‘रीडमी’, ‘ऑथर्स’, ‘चेंजलॉग’ या फाईल्स मागतं, आणि ‘इन्स्टॉल’ नसेल तर एक ठरावीक, लांबलचक फाईल आणून ठेवू शकतं. त्या फाईलला तुमच्या प्रकल्पाला कोणत्या लायब्ररी लागतात याचा पत्ता नसतो. ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ हा क्रम ती समजावून सांगते. पण गिटमधून क्लोन केलेल्या, म्हणजे पूर्ण प्रत आणलेल्या, फोल्डरमध्ये ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट बहुधा नसतेच. ती रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या फाईलमध्ये, असते. क्लोन करणाऱ्याला आधी ती तयार करणारं ‘ऑटोरीकॉन्फ’ चालवावं लागतं. म्हणून टारबॉलवाल्याची आणि क्लोनवाल्याची वाट वेगवेगळी लिहा.

तपासा: गिटहबवर एकापेक्षा जास्त रीडमी असतील तर आधी ‘डॉट-गिटहब’ फोल्डरमधली, मग मुख्य फोल्डरमधली, मग ‘डॉक्स’मधली अशा क्रमाने एक निवडून दाखवली जाते. तुम्ही सुधारलेली फाईल आणि पानावर दिसणारी फाईल एकच आहे ना?

सावधान: त्याच सूचना रीडमी, विकी आणि डॉक्युमेंटेशन अशा तीन ठिकाणी ठेवू नका. एक जागा अद्ययावत राहते आणि उरलेल्या दोन लोकांना चुकीच्या वाटेला लावतात. मजकूर एकाच ठिकाणी ठेवा, बाकी ठिकाणी फक्त लिंक.

## ३. रीडमीचा वरचा भाग

क्रम असा ठेवा: नाव, एका वाक्यात काम, कोणासाठी, सध्याची अवस्था, इन्स्टॉल, एक उदाहरण, पुढच्या लिंक्स.

‘प्रगत दस्तऐवज प्रक्रिया प्रणाली’ या वर्णनातून काहीच कळत नाही. ‘स्कॅन केलेल्या मराठी पीडीएफमधून युनिकोड मजकूर काढून तो टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतं’ एवढ्यात वाचणाऱ्याला थांबायचं की पुढे जायचं ते ठरवता येतं. जे जमत नाही तेही इथेच सांगा. हस्तलिखितं वाचता येत नसतील, मोडी लिपी वाचता येत नसेल, तर तासभर खपल्यावर हे कळण्यापेक्षा पहिल्या पाच ओळींत कळलेलं बरं.

प्रकल्पावर काम थांबलं असेल तर तसंही स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

बॅजेसची, म्हणजे व्हर्जन वगैरे दाखवणाऱ्या छोट्या पट्ट्यांची, रांग वर नको. मोबाईलवर पान उघडणाऱ्याला आधी तीच दिसते आणि वाक्य खाली ढकललं जातं.

## ४. पूर्वतयारीची यादी: सर्वांत जास्त चुका इथे

पिप म्हणजे पायथॉनची पॅकेजं बसवणारं साधन. ‘पिप इन्स्टॉल पायटेसरॅक्ट’ एकही एरर न येता पार पडतं. मात्र त्याने बसतं ते फक्त पायथॉनचं आवरण. टेसरॅक्ट इंजिन सिस्टिममध्ये वेगळं बसवावं लागतं. इंजिन बसवलं तरी डेबियन आणि उबुंटूवर मराठीचा डेटा आपोआप येत नाही, त्याचं पॅकेज वेगळं आहे. पीडीएफ-टू-इमेजचंही तसंच: त्यालाही आत पॉप्लरची साधनं लागतात आणि ती पिपमधून येत नाहीत. तिन्ही गोष्टी लिहिणाऱ्याच्या मशीनवर कधीच्याच बसलेल्या असतात. त्यामुळे त्याची रीडमी म्हणते, ‘पिप इन्स्टॉल करा, झालं.’

म्हणून पहिल्या कमांडच्या आधी पूर्वतयारी असं उपशीर्षक हवंच. त्यात पायथॉनबाहेरच्या गोष्टी सिस्टिमप्रमाणे लिहा:

- डेबियन, उबुंटू: ‘टेसरॅक्ट-ओसीआर’, ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’, ‘पॉप्लर-युटिल्स’, ‘पायथॉन३-व्हीईएनव्ही’
- मॅक, होमब्रूमधून: ‘टेसरॅक्ट’, ‘टेसरॅक्ट-लँग’, ‘पॉप्लर’
- विंडोज: इन्स्टॉलर कुठून घ्यायचा, त्यात मराठीच्या डेटावर खूण कुठे करायची, आणि नंतर ‘पाथ’मध्ये (कमांड्स जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) कोणता फोल्डर जोडायचा

विंडोजची ओळ लांब झाली म्हणून कापू नका. मराठी वाचकांतले कितीतरी विद्यार्थी आणि शिक्षक विंडोजवर काम करतात, आणि नेमकी तीच ओळ ‘विंडोजवर स्वतः शोधा’ एवढ्यावर सोडलेली असते.

व्हर्जन लिहिताना ‘लेटेस्ट’ हा शब्द वापरू नका. आजचं लेटेस्ट आणि दोन वर्षांनंतरचं लेटेस्ट वेगळं असतं. किमान कोणतं व्हर्जन चालतं आणि तुम्ही प्रत्यक्ष कोणत्या व्हर्जनवर चालवून पाहिलं, असे दोन वेगळे आकडे द्या. पायथॉनचं किमान व्हर्जन ‘पायप्रोजेक्ट’ फाईलमधल्या ‘रिक्वायर्स-पायथॉन’मध्येही टाका, म्हणजे जुन्या पायथॉनवर पिप स्वतःच नकार देईल.

किती एमबी डाउनलोड होणार, इंटरनेट शेवटपर्यंत लागतं का, एखाद्या सेवेचं खातं किंवा ‘की’ (वापरासाठीचा गुप्त कोड) लागते का, हेही इथेच. सातव्या पायरीवर खातं मागितलं की माणूस तिथूनच परत फिरतो.

तपासा: प्रत्येक पूर्वतयारीपुढे ती झाली का हे दाखवणारी कमांड द्या. टेसरॅक्टसाठी ती ‘टेसरॅक्ट, दोन डॅश, लिस्ट-लँग्ज’. यादीत ‘एमएआर’ हा मराठीचा कोड दिसला तरच पुढे जायचं, असं ठळक लिहा.

## ५. पायऱ्यांचा क्रम

हात ज्या क्रमाने चालतात त्याच क्रमाने पायऱ्या यायला हव्यात: कोड आणणं, त्या फोल्डरमध्ये जाणं, वेगळं वातावरण बनवणं, पॅकेजं बसवणं, सेटिंग्जची फाईल भरणं, चालवणं. ‘हे करण्याआधी मात्र’ असं वाक्य पायरीच्या शेवटी आलं तर ते उचलून वर न्या. लोक वाचत-वाचत करतात. आधी सगळं वाचून मग सुरुवात करणारे फार थोडे.

कोड आणणं. प्रकल्पात सबमॉड्यूल, म्हणजे आत जोडलेले दुसरे गिट प्रकल्प, असतील तर क्लोन करताना ‘रिकर्स-सबमॉड्यूल्स’ हा पर्याय त्याच कमांडमध्ये लिहा. गिटहबवरून झिप उतरवली तर सबमॉड्यूलचे फोल्डर रिकामेच येतात, हीही सूचना द्या. क्लोन झाल्यावर फोल्डरमध्ये जाण्याची ‘सीडी’ची ओळ वेगळी हवी. ती सगळ्यांना येते असं गृहीत धरून गाळली जाते आणि मग ‘फाईल सापडत नाही’ असा इश्यू येतो.

वेगळं वातावरण, म्हणजे फक्त या प्रकल्पाची पॅकेजं ठेवायची जागा. डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथॉनवर थेट पिप चालवलं तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ अशी एरर येते. जुन्या रीडमी इथेच मोडतात. यावर ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय सुचवू नका. त्याच्या नावातच धोका सांगितलेला आहे. ‘सुडो पिप’ही नको. ‘पायथॉन३ डॅश-एम व्हीईएनव्ही’ ने वेगळं वातावरण बनवायला सांगा. डेबियनवर त्यासाठी ‘पायथॉन३-व्हीईएनव्ही’ पॅकेज आधी लागतं; नसेल तर ‘एन्शुअरपिप’ उपलब्ध नसल्याचा निरोप येतो. शिवाय तिथे नुसती ‘पायथॉन’ ही कमांड बहुधा नसते, ‘पायथॉन३’ असते.

वातावरण चालू करायची कमांड लिनक्स-मॅकवर वेगळी आणि विंडोजवर वेगळी. लिनक्सवर फाईल ‘बिन’ फोल्डरमध्ये असते, विंडोजवर ‘स्क्रिप्ट्स’मध्ये. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये स्क्रिप्ट चालवण्यावर बंदी असल्याचा निरोपही येऊ शकतो. दोन्ही कमांड्स एकाखाली एक, आपापल्या नावासह द्या. नवं टर्मिनल उघडलं की वातावरण पुन्हा चालू करावं लागतं, हे सांगायला विसरू नका. दुसऱ्या दिवशी ‘काल चालत होतं’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते.

सेटिंग्ज. नमुन्याची फाईल रेपोमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या गिट फोल्डरमध्ये, ठेवा आणि तिची प्रत काढायची कमांड द्या. कोणती ओळ बदलायचीच आहे आणि कोणती तशीच चालेल, हे त्या फाईलमध्येच टिपेतून सांगा.

लिहिण्याच्या पद्धतीतल्या चुका छोट्या असतात, पण वाचणाऱ्याचं काम अडवतात. त्या एकत्र देतो:

कमांडच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह टाकू नका. लोक पूर्ण ओळ कॉपी करतात आणि टर्मिनल डॉलरलाच कमांड समजतं. वाचणाऱ्याने स्वतःची माहिती भरायची जागा असेल तर तिथे काय भरायचं ते शब्दांत लिहा आणि खाली भरलेलं उदाहरणही द्या. सूचना आधी वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून मग रीडमीत चिकटवत असाल तर जपा: दोन डॅशचं आपोआप एक लांब रेघ होतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, टर्मिनलला जाणवतो. आणि एका चौकटीत एकच काम ठेवा. आठ कमांड्स एकदम चिकटवल्या आणि तिसरी फसली, तरी बाकीच्या पाच चालूनच जातात. मग नेमकं कुठे बिघडलं ते शोधत बसावं लागतं.

## ६. यश कसं दिसतं ते दाखवा

‘आता साधन तयार आहे’ या वाक्यावर इन्स्टॉलेशन संपवू नका. तयार आहे हे वाचणाऱ्याला स्वतःला पडताळता आलं पाहिजे.

आपल्या उदाहरणात तर याची फारच गरज आहे. टेसरॅक्टला भाषा सांगितली नाही तर ते इंग्रजी गृहीत धरतं. मराठी पान दिलं तरी ते तक्रार करत नाही. रोमन अक्षरांचा निरर्थक गाळ बाहेर टाकतं आणि शांतपणे थांबतं. नवख्याला वाटतं, साधनच कुचकामी आहे. प्रत्यक्षात भाषेचा ‘एमएआर’ हा पर्याय राहून गेलेला असतो.

म्हणून रेपोमध्ये एक छोटं नमुना चित्र ठेवा, स्वतः टाईप केलेल्या चार ओळींचं, म्हणजे कॉपीराइटचा प्रश्न येत नाही. ते चालवायची कमांड द्या आणि खाली अपेक्षित मजकूर छापा. दोन्ही जुळले की इन्स्टॉलेशन झालं. एखादं अक्षर इकडेतिकडे होऊ शकत असेल तर तेही सांगून ठेवा, नाहीतर लोक त्या एका वेलांटीपायी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतील.

सावधान: विंडोजवर आउटपुट फाईलमध्ये वळवलं तर देवनागरी लिहिताना ‘चारमॅप कोडेक’ची एरर येऊ शकते. फाईल उघडताना कोडमध्येच यूटीएफ-८ हे एन्कोडिंग ठरवून द्या. ते होईपर्यंत ‘पायथॉनयूटीएफ८’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करायची सूचना रीडमीत राहू द्या.

## ७. अडचणींचा भाग

इथे एररचा मजकूर जसाच्या तसा, इंग्रजीत आणि रोमन लिपीतच हवा. भाषांतर केलं तर शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. एररखाली कारण एका वाक्यात, मग उपाय.

आपल्या साधनात किमान तीन नोंदी लागतील. टेसरॅक्ट सापडत नाही, म्हणजे इंजिन बसवलेलं नाही किंवा ते ‘पाथ’मध्ये नाही. ‘एमएआर’ भाषा लोड होत नाही, म्हणजे डेटाचं पॅकेज नाही किंवा ‘टेसडेटा-प्रीफिक्स’ चुकीच्या फोल्डरकडे बोट दाखवतं आहे. पानांची संख्या मिळत नाही, म्हणजे पॉप्लर नाही.

पण प्रत्येक अडचण या भागात ढकलून मोकळं होऊ नका. तीच एरर तिसऱ्यांदा विचारली गेली की दोष पायरीत आहे असं समजा आणि पायरी बदला. अडचणींची यादी वाढत चालली असेल तर वरच्या सूचना पुन्हा कोऱ्या मशीनवर चालवायची वेळ झाली आहे.

## ८. अपडेट करणं आणि काढून टाकणं

दोन-चार ओळी पुरेत. नव्या व्हर्जनवर जाताना सेटिंग्जची फाईल टिकते का, आणि काढून टाकल्यावर मागे कोणते फोल्डर उरतात. ‘मेक इन्स्टॉल’ने बसवायला सांगत असाल तर ‘मेक अनइन्स्टॉल’ चालतं का, ते स्वतः करून पाहा.

## ९. प्रकाशित करण्याआधीची तपासणी

प्रकल्प न पाहिलेल्या एका माणसाला शेजारी बसवा आणि त्याला फक्त रीडमी द्या. तुम्ही बोलायचं नाही. तो जिथे थांबेल, मागे जाईल, दुसऱ्या खिडकीत काही शोधू लागेल, ती ओळ टिपून घ्या. अर्ध्या तासात जे सापडतं ते स्वतः दहा वेळा वाचूनही सापडत नाही.

त्यानंतर इन्स्टॉलेशनच्या कमांड्स सीआयमध्ये, म्हणजे तपासण्या आपोआप चालवणाऱ्या सेवेत, कोऱ्या इमेजवर आठवड्यातून एकदा चालतील अशी सोय करा. नमुना चित्राचं आउटपुट जुळतं का, हेही त्यातच तपासा. एखाद्या पॅकेजचं नाव बदललं तर वापरणाऱ्याआधी तुम्हाला कळेल.

पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजं आणतं त्या साइटवर, पॅकेज टाकत असाल तर तिथलं पान उघडून पाहा. गिटहबवर चालणाऱ्या सापेक्ष लिंक्स आणि चित्रं तिथे तुटतात; त्यांचे पूर्ण पत्ते द्यावे लागतात.

रीडमी मराठीतही देणार असाल, आणि अशा साधनासाठी ती द्यायलाच हवी, तर वेगळी फाईल करा, नावात भाषेचा कोड ठेवा आणि दोन्हींत एकमेकींच्या लिंक्स द्या. कमांड्स, फाईल्सची नावं, एररचा मजकूर यांचं भाषांतर करू नका. कमांडमधले अंकही देवनागरीत नकोत. मराठी कीबोर्ड चालू राहिला की व्हर्जनचा ३ आणि पोर्टचा ८ नकळत देवनागरीत उमटतो. मराठी फाईल कोणत्या रिलीजप्रमाणे आहे, ते पहिल्याच ओळीत लिहा.

शेवटी पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीच्या, साच्यात एक चौकोन वाढवा: ‘या बदलामुळे इन्स्टॉलेशनची पायरी बदलते का?’ उत्तर ‘हो’ असेल तर रीडमीचा बदल त्याच पुल रिक्वेस्टमध्ये आला पाहिजे. आणि इन्स्टॉलेशनच्या भागाखाली एक ओळ ठेवा: या सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या सिस्टिमवर, कोणत्या व्हर्जनसह चालवून पाहिल्या. पुढच्या रिलीजच्या आधी कोरा कंटेनर उघडून सगळा क्रम पुन्हा चालवायचा आणि मगच ती तारीख बदलायची.